ट्रकच्या हेडचं काम: पार्ट आधी मोजा, मग घ्या

पावसाळ्यात उसाच्या गाड्या उभ्या असतात, तेव्हा हेड, म्हणजे इंजिनाच्या ब्लॉकवरचं व्हॉल्व्ह असलेलं झाकण, उतरवलेलं बरं. गाळप तोंडावर आलं की कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मशीन शॉपवाल्याला घाई असते, मालकाला त्याहून जास्त. अशा घाईत एक चूक हमखास होते. हेड गाडीवरच असतं आणि कोणीतरी दुकानातून व्हॉल्व्ह, गाइड (व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी), सीट (व्हॉल्व्ह टेकतो ते कडं), गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) असा सगळा सेट आणून ठेवतो. मग हेड घासून होतं, सीट खोल जातात, गॅस्केटची जाडी चुकते, आणि आणलेल्या सेटमधला निम्मा माल तरी परत करावा लागतो किंवा तसाच बसवला जातो. बसवलेला जास्त महाग पडतो.

हेडमधले पार्ट एकमेकांशी जोडलेले आहेत. गाइड बदलला की सीट पुन्हा कापावी लागते. सीट कापली की व्हॉल्व्ह खोल जातो. हेड घासलं की व्हॉल्व्ह आणि डिझेल फवारणारं नोझल दोन्ही पिस्टनच्या जवळ येतात. त्यामुळे यादी शेवटी करायची, मोजमाप आधी.

काम हेडचंच आहे ना?

आधी इंजिन गरम करा, सगळे नोझल काढा आणि कॉम्प्रेशन घ्या. बॅटरी भरलेली हवी, नाहीतर आकडा खोटा येतो. ट्रकच्या डिझेल इंजिनात साधारण २० ते ३० बार मिळतात. तुमच्या इंजिनाचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. एकूण आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक जास्त बोलतो. पाच सिलिंडर २६ वर आणि एक १९ वर असेल तर शोध तिथूनच सुरू करा.

त्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपवर आणा, गाडी गिअरमध्ये टाका, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा आणि नोझलच्या भोकातून कॉम्प्रेसरची ५-६ बार हवा द्या. पिस्टन जरासा जरी टॉपवरून सरकलेला असला तरी क्रँक झटका देऊन फिरतो, म्हणून पंख्यात किंवा बेल्टमध्ये हात नको. आता ऐका. एअर फिल्टरच्या पाइपात फुसफुस आली तर इनलेट व्हॉल्व्ह गेलाय. सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेडला चीर. ब्रीदरमधून (इंजिनाच्या आतली हवा बाहेर सोडणारी नळी) किंवा ऑइल भरायच्या भोकातून जोरात हवा येत असेल तर पिस्टनच्या रिंग आणि लाइनर (सिलिंडरची नळी) संपलेत. मग नुसतं वरचं काम करून ऑइल पिणं थांबणार नाही, आणि मालकाला हे आधीच सांगून टाकावं.

हेड उतरवताना इंजिन पूर्ण थंड हवं. बोल्ट बाहेरच्या टोकांकडून मधे येत, दोन-तीन फेऱ्यांत सैल करा. गरम इंजिनाचे बोल्ट एकदम सोडले तर सरळ असलेलं हेडसुद्धा वाकतं. व्हॉल्व्ह आणि तो उघडणारे पुशरॉड (उभ्या काठ्या) व रॉकर (आडवे हात) आपापल्या नंबराने ठेवा. जाड पुठ्ठ्याला बारा भोकं पाडून त्यावर नंबर टाकले तरी काम भागतं. कुठला व्हॉल्व्ह कुठल्या सिलिंडरचा, हे माहीत असेल तर जळालेल्या व्हॉल्व्हचं कारण सापडतं. सगळे एका डब्यात टाकले की ते कळायचा मार्ग संपला.

पहिला खर्च टेस्टिंगचा

हेड धुऊन, कार्बन काढून झालं की आधी प्रेशर टेस्ट. घासणं, गाइड, सीट यातलं काहीही त्याआधी करू नका, कारण हेड चिरलेलं निघालं तर ती मजुरी पाण्यात जाते. पाण्याच्या वाटा पट्ट्यांनी बंद करून आत २ ते ३ बार हवा भरतात आणि हेड गरम पाण्यात बुडवतात. पाणी ८० अंशांच्या आसपास हवं. थंड हेडमध्ये बंद राहणारी बारीक चीर गरम झाल्यावरच उघडते.

चीर बहुतेक वेळा दोन जागी सापडते: इनलेट आणि एक्झॉस्ट सीटच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत, आणि सीट व नोझलच्या भोकाच्या मधे. लाल डाय मारून, पुसून, वर पांढरा डेव्हलपर फवारला की चिरेची लाल रेघ उठते.

बीडाच्या, म्हणजे कास्ट आयर्नच्या, हेडला वेल्डिंग मारायचा मोह कोल्हापुरात जरा जास्तच होतो, कारण बीड ओतणारे आणि जोडणारे हात इथे भरपूर आहेत. पण बीड जोडायचं तर आख्खं हेड ५००-६०० अंशांपर्यंत तापवून, निकेल रॉडने मारून, राखेत किंवा भट्टीत हळूहळू निववावं लागतं. थंड हेडवर नुसता रॉड मारला तर वेल्डच्या कडेचं बीड काचेसारखं कडक होतं आणि पहिल्याच घाटात दुसरी चीर पडते. बाहेरच्या पाण्याच्या भिंतीला चीर असेल तर पिनांनी शिवून घेणं, म्हणजे मेटल स्टिचिंग, चालतं. सीटमधल्या पट्टीत चीर सीटच्या खाचेत उतरली असेल तर दुसरं हेड बघा.

जुन्या बाजारातलं हेड घेताना कास्टिंग नंबर जुळवा, जाडी चार कोपऱ्यांवर मोजा आणि मॅन्युअलमधल्या किमान जाडीशी ताडून पाहा. स्वस्त मिळणारं हेड बहुधा दोनदा घासलेलं असतं. प्रेशर टेस्ट झाल्यावरच पैसे देण्याची बोली ठेवा.

घासायचं किती?

सरळपट्टी हेडवर लांबीला, रुंदीला आणि दोन्ही कर्णांवर ठेवून खालून फिलर गेज घाला. ट्रकच्या लांब हेडला पूर्ण लांबीत ०.१० मिमीपेक्षा जास्त फट नको. दोन सिलिंडरांमधल्या छोट्या अंतरात ०.०५ मिमी आत गेला तरी घासायची वेळ आली असं समजा. इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये याहून कडक आकडा असेल तर तोच धरा. ब्लॉकचा माथाही याच पट्टीने तपासा. हेड आरशासारखं आणि ब्लॉक दबलेला असेल तर गॅस्केट पुन्हा फुटणार.

हेड जितकं घासाल तितके व्हॉल्व्हचे माथे आणि नोझलचं टोक पिस्टनकडे सरकतात. ०.३० मिमी घासलं तर नोझल ०.३० ने पुढे. ते परत मागे घ्यायला नोझलखालचा तांब्याचा वॉशर तेवढा जाड लागतो. सीट तेवढ्या खोल कापाव्या लागतात. रॉकरचा पाया खाली आल्याने पुशरॉड तेवढे लांब ठरतात, टॅपेटचा (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट लावायचा) स्क्रू वर घ्यावा लागतो, आणि दोन-तीनदा घासलेल्या हेडला तो स्क्रू संपायला येतो. म्हणून सपाट होईल इतकंच घासा. 'जरा एक हात जास्त मारून दे' असं मशीनवाल्याला कधी सांगू नका.

पृष्ठभाग किती गुळगुळीत हवा हे गॅस्केटवर ठरतं. स्टीलच्या थरांचं एमएलएस गॅस्केट असेल तर फिनिश आरए (खडबडीतपणाचं माप) ०.८ ते १ मायक्रॉनच्या आत लागतो. नख फिरवलं आणि खरखर लागली तर ते हेड एमएलएसच्या लायकीचं नाही. ग्राफाइट किंवा फायबरच्या जुन्या पद्धतीच्या गॅस्केटला जरा खडबडीत पृष्ठभाग चालतो. फार चकचकीत असला तर उलट पकड कमी होते. म्हणून हेड मशीनवर जाण्याआधी कुठलं गॅस्केट बसणार हे ठरलेलं असावं.

गॅस्केट जाडीने निवडायचं

पार्ट नंबर बघून गॅस्केट उचलणं पुरेसं नाही. ब्लॉकवर डायल गेज शून्य करा, पिस्टन टॉपवर आणा आणि तो ब्लॉकच्या किती वर येतो ते प्रत्येक सिलिंडरला मोजा. पिस्टनच्या पिनच्या रेषेत, दोन्ही बाजूंनी मोजून सरासरी घ्या, नाहीतर पिस्टन डुलतो आणि आकडा फसवतो. बऱ्याच इंजिनांना एकाच गॅस्केटच्या दोन-तीन जाड्या येतात. कडेला खाचा किंवा भोकं असतात त्यावरून ओळखतात. सर्वात वर येणाऱ्या पिस्टनवरून जाडी ठरते, सरासरीवरून नाही.

हेड किंवा ब्लॉक घासला असेल तर जाड गॅस्केट मिळतं का बघा. जुन्या बारा-व्हॉल्व्ह कमिन्स ६बीटी इंजिनाला मूळ मापापेक्षा ०.२५ आणि ०.५० मिमी जाड अशी दोन गॅस्केट येतात, ती याच कामासाठी. दोन पातळ गॅस्केट एकावर एक टाकणं हा मात्र उपाय नाही. मधून वाफ शिरते आणि दोन्ही जळतात.

लाइनरचं इंजिन असेल तर लाइनरची कॉलर ब्लॉकच्या वर किती आहे तेही मोजा. साधारण ०.०५ ते ०.१२ मिमी वर हवी, आणि शेजारच्या दोन लाइनरांत ०.०३ पेक्षा जास्त फरक नको. एक लाइनर खाली बसलेला असेल तर त्याच सिलिंडरचं गॅस्केट पुन्हा पुन्हा जातं. तिथे लाइनरखाली शिम घालावी लागते. गॅस्केटची कंपनी बदलून ते बरं होत नाही, पण लोक आधी तेच करतात.

व्हॉल्व्ह आणि गाइड

दोन-व्हॉल्व्हच्या सहा सिलिंडर इंजिनाला ६ इनलेट, ६ एक्झॉस्ट, १२ गाइड, १२ सीट, १२ स्टेम सील (दांडीवरून ऑइल उतरू न देणारे) आणि लॉकचे (स्प्रिंगची प्लेट दांडीला अडकवणारे) २४ अर्धे लागतात. चार-व्हॉल्व्हचं इंजिन असेल तर सगळं दुप्पट. पैसे कमी असतील तर इनलेट व्हॉल्व्ह तपासून परत वापरता येतात. एक्झॉस्टचे सहाही एकत्र बदला, कारण ते सगळे सारख्याच उष्णतेत चालले आहेत, आणि एक जळाला तर बाकीचे मागोमाग असतात.

जुना व्हॉल्व्ह ठेवायचा असेल तर तीन गोष्टी बघा. दांडी मायक्रोमीटरने तीन ठिकाणी मोजा: गाइडच्या वरच्या टोकाशी, मधे आणि खालच्या टोकाशी. झीज दिसली, म्हणजे ०.०३-०.०४ मिमीचा खड्डा असला, तर तो रद्द. डोक्याची कडा ग्राइंड केल्यावर १ मिमीपेक्षा पातळ राहिली तर तीही रद्द, कारण धारदार कडा लाल होते आणि जळते. आणि दांडीचं टोक रॉकरने खोल खाल्लेलं नसावं.

नवा व्हॉल्व्ह घेताना चुंबक खिशात ठेवा. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं डोकं बहुधा २१-४एन पोलादाचं असतं आणि त्याला चुंबक चिकटत नाही, इनलेटला चिकटतो. बऱ्याच एक्झॉस्ट व्हॉल्व्हना दांडी वेगळ्या पोलादाची जोडलेली असते, तिला चिकटला तर घाबरू नका. चाचणी डोक्याची करायची, आणि गाडीतून निघालेल्या मूळ व्हॉल्व्हशी तुलना करायची. मूळ एक्झॉस्टला चिकटत नाही आणि नव्याला लोखंडाला चिकटावा तसा चिकटतो, तर डबा कितीही झकास असला तरी तो परत करा. उसाच्या गाडीत, आंबा घाटाच्या चढावर, तो एक हंगाम काढणार नाही.

कोनही बघा. ६बीटीच्या इनलेट सीटचा कोन ३० अंश आणि एक्झॉस्टचा ४५ अंश आहे. दुसऱ्या इंजिनांत दोन्ही ४५ असतात. दिसायला सारखा, लांबीला सारखा पण कोन वेगळा, असा व्हॉल्व्ह डब्यात सापडतो आणि मिस्त्री तो पेस्टने घासून 'बसवतो'. तो बसत नाही, नुसती एक रेघ टेकते.

गाइडची झीज डोळ्यांनी दिसत नाही, बोअर गेजने मोजावी लागते. ९ मिमीच्या दांडीला नव्यात इनलेटची फट साधारण ०.०४ ते ०.०६ आणि एक्झॉस्टची ०.०६ ते ०.०८ मिमी असते; ०.१५ च्या पुढे गेली तर गाइड बदला. जास्त फटीतून ऑइल खाली उतरतं, सकाळी पहिला धूर निळा येतो, आणि व्हॉल्व्ह डुलत सीटवर वाकडा बसतो. उलट फार कमी फट ठेवली तर घाटात इंजिन तापल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकतो, पिस्टन त्याला भेटतो आणि पुशरॉड वाकतो. 'टाइट चांगलं' ही समजूत गाइडला लागू नाही.

जुना गाइड दाबून काढण्याआधी तो हेडच्या वर किती आहे ते मोजून लिहून ठेवा. नवा तेवढाच वर राहिला पाहिजे. जास्त वर राहिला तर व्हॉल्व्ह उघडताना स्प्रिंगची प्लेट सीलवर आपटते. भोक खरवडलं असेल तर बाहेरून ओव्हरसाइझ गाइड मागा. दाबल्यावर आतलं भोक आवळतं, म्हणून रीमर मारणं आलंच. रीमर न मारता बसेल असा गाइड कोणी विकत असेल तर बसवून झाल्यावर बोअर गेजने पुन्हा मोजा, मग विश्वास ठेवा.

स्टेम सील व्हायटनचे घ्या. नायट्रिल रबर साधारण १२० अंशांच्या पुढे कडक होऊ लागतं, व्हायटन २०० पर्यंत टिकतं. किमतीतला फरक एका टॉप-अपच्या ऑइलइतकाही नसतो.

सीट

एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या डोक्यातली बहुतेक उष्णता सीटवाटेच हेडच्या पाण्यात जाते. सीटचं टेकणं बिघडलं की व्हॉल्व्हचं निवणंच बंद होतं, आणि मग तो जळतो. म्हणून सीटच्या कामात काटकसर करू नये.

सीट सैल असेल, चिरली असेल किंवा व्हॉल्व्ह फार खोल गेला असेल तर बदला. व्हॉल्व्हचा माथा हेडच्या पातळीखाली किती आहे ते डेप्थ गेजने मोजा आणि मॅन्युअलमधल्या मर्यादेशी जुळवा. जास्त खोल गेला तर कॉम्प्रेशनची जागा वाढते, थंडीत गाडी लवकर चालू होत नाही आणि धूर काढते. कमी खोल राहिला तर पिस्टनला लागतो. हेड घासलेलं असेल तर हा आकडा घासल्यानंतरच घ्यायचा.

नवी सीट हेडमधल्या खाचेपेक्षा ०.०५ ते ०.१० मिमी मोठी असते. हातोड्याने ठोकली तर कडेचं बीड खरवडतं आणि सीट पुढे सुटते. हेड १०० अंशांनी तापवलं तर ४५ मिमीची खाच सुमारे ०.०५ मिमीने उघडते. सीट कोरड्या बर्फात म्हणजे उणे ७८ अंशांत ठेवली तर तीही जवळपास तेवढीच आकसते. दोन्ही केलं की सीट जवळजवळ हाताने खाचेत पडते. सीट मशीनवाल्याकडे ही सोय आहे का, हे हेड देण्याआधी विचारा. सुटलेली सीट थेट पिस्टनवर पडते आणि मग हेडच्या कामाचं फुल इंजिन होतं.

कापल्यावर टेकण्याची पट्टी इनलेटला दीड मिमी, एक्झॉस्टला २ मिमीच्या आसपास ठेवा. बारीक पट्टी उष्णता पुरेशी नेत नाही आणि ठोकून खोल जाते; रुंद पट्टीत कार्बन अडकतो आणि गळती होते. निळा रंग लावून व्हॉल्व्ह टेकवा. रेघ अखंड आणि व्हॉल्व्हच्या तोंडाच्या मधोमध यायला हवी. सीट आधुनिक मशीनवर अर्धा-एक अंश फरकाने कापली असेल तर वर ग्राइंडिंग पेस्ट घासू नका. तो फरक मुद्दाम ठेवलेला असतो आणि पेस्ट तो मिटवते.

सगळं जोडून झाल्यावर हेड पोर्ट वर येतील असं आडवं ठेवा, पोर्टमध्ये डिझेल भरा आणि दहा मिनिटं थांबा. व्हॉल्व्हच्या कडेने ओल फुटली तर तो परत काढा. हेड ब्लॉकवर बसवल्यावर हेच कळायला दोन दिवस जातात.

स्प्रिंग, आणि घाटाचा ब्रेक

स्प्रिंग तुटली नाही म्हणून चांगली, असं नसतं. मोकळी लांबी मोजा. नव्यापेक्षा दीड-दोन मिमी आखूड असेल तर दमली. काटकोनी पट्टीशेजारी उभी करून फिरवा. वरचं टोक दीड मिमीपेक्षा जास्त कललं तर ती दांडीला एका बाजूला ढकलते आणि नवा गाइड वर्षभरात खाते. मशीन शॉपमध्ये स्प्रिंगचा लोड टेस्टर असेल तर ठरावीक उंचीवर किती भार घेते तेही बघून घ्या.

गाडीला एक्झॉस्ट ब्रेक असेल, आणि ती करूळ किंवा आंबा घाटात रोज उतरत असेल, तर स्प्रिंगचा विषय गंभीर आहे. ब्रेक दाबला की सायलेन्सरच्या वाटेत दाब साचतो आणि तो मागून एक्झॉस्ट व्हॉल्व्हला ढकलून उघडतो. दमलेली स्प्रिंग तो थोपवू शकत नाही. व्हॉल्व्ह सीटवर आपटत राहतो. एक्झॉस्ट ब्रेकच्या मॉडेलला वेगळी, ताठ स्प्रिंग असते. दुकानात 'त्याच इंजिनाची' म्हणून बिगर-ब्रेकच्या मॉडेलची मिळू शकते, त्यामुळे चेसिस नंबरावरून पार्ट नंबर काढा. आणि बाराही बदला, तीन-चार नव्या घालून बाकी जुन्या नकोत.

लॉक आणि स्प्रिंगच्या प्लेटा झिजलेल्या नसतील तर चालतात. पण नव्या व्हॉल्व्हच्या खाचेत जुने लॉक ढिले वाटले तर व्हॉल्व्हबरोबर आलेलेच वापरा.

बोल्ट

हेडबोल्ट परत वापरता येतात का, हे इंजिनावर ठरतं. अंशांत फिरवून आवळायचे बोल्ट ताणले जातात, आणि त्यांची कमाल लांबी मॅन्युअलमध्ये दिलेली असते. एक सोपी तपासणी: एकाच लांबीचे सगळे बोल्ट डोकं खाली करून सपाट प्लेटवर उभे करा आणि वर सरळपट्टी ठेवा. ताणलेला बोल्ट वर डोकावतो. दांडी एका ठिकाणी बारीक झाली असेल तर लांबी न मोजताच फेकून द्या. लोकल वर्कशॉपमध्ये वळवलेले बोल्ट इथे चालणार नाहीत, मग धातू कितीही चांगला असला तरी. ग्रेड आणि आटे दोन्ही मूळचेच हवेत.

ब्लॉकमधली भोकं टॅपने साफ करून हवेने फुंकून काढा. बंद तळाच्या भोकात ऑइल किंवा पाणी राहिलं तर बोल्ट खाली जाताना ते दाबलं जातं आणि ब्लॉक आतून फुटतो. टॉर्कचा आकडाही खोटा येतो. आट्यांना आणि बोल्टच्या डोक्याखाली इंजिन ऑइलचा थेंब पुरे, ग्रीस नको.

नोझल, रॉकर आणि बाकीचे

नोझल जुने असतील तर टेस्टरवर दाब आणि फवारा बघा. थेंब गाळणारा नोझल नव्या पिस्टनलाही भोक पाडतो. बसवताना नेहमीची चूक म्हणजे जुना तांब्याचा वॉशर भोकात चिकटून राहतो आणि वर नवा टाकला जातो. नोझल एक वॉशरभर मागे राहतं, गाडी काळा धूर काढते आणि सगळे पंपाला दोष देतात. भोकात टॉर्च मारा. कॉमन रेल गाडीत (सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं) नोझल स्थानिक दुकानात उघडू नका. इंजेक्टर बदलला तर त्याच्यावरचा कोड स्कॅनरने ईसीयूत, म्हणजे इंजिनाच्या संगणकात, टाकावा लागतो.

रॉकरचं टोक खड्डा पडलेलं असेल तर फिलर गेज खड्ड्यावरून जातं आणि टॅपेट नेहमी जास्त राहतो. पुशरॉड काचेवर लाटून बघा. टर्बोचा शाफ्ट बोटाने हलवून बघा आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा तळ सरळपट्टीने तपासा. तो वाकलेला असेल तर नवं पॅकिंग महिनाभरही टिकत नाही.

पॅकिंग सेटमधल्या रॉकर कव्हर आणि वॉटर बॉडीच्या पॅकिंगसाठी चांगल्या कंपनीचा आफ्टरमार्केट माल चालतो. पिस्टन-रिंग लागणार असतील तर आजूबाजूच्या एमआयडीसीतच, शिरोली आणि गोकुळ शिरगावला, पिस्टन आणि बेअरिंग बनवणारे कारखाने आहेत. माल चांगला मिळतो. डुप्लिकेट डबे मात्र इथेही मिळतात. पक्कं बिल, डब्यावरचा बॅच आणि पार्टवर कोरलेला नंबर जुळला तरच घ्या.

जोडणी

एमएलएस गॅस्केटला कसलंही सोल्युशन लावू नका. 'टॉप' लिहिलेली बाजू वर. प्रत्येक सिलिंडरला वेगळं हेड असेल तर बोल्ट हलके लावून मॅनिफोल्ड किंवा सरळपट्टी धरून सगळी हेडं एका रेषेत आणा, मगच आवळा. आवळणं मधून बाहेर, मॅन्युअलमधल्या क्रमाने, किमान तीन टप्प्यांत. उदाहरणच द्यायचं तर ६बीटीला आधी सगळे बोल्ट ९० न्यूटन-मीटर, मग लांब बोल्ट १२० आणि शेवटी सगळ्यांना आणखी ९० अंश. अंशांचा शेवटचा टप्पा अंदाजाने मारू नका. बोल्टच्या डोक्यावर मार्करने रेघ ओढा.

टॅपेट थंड इंजिनावर. सहा सिलिंडरांचा फायरिंग क्रम १-५-३-६-२-४ असेल तर जोड्या १-६, ५-२ आणि ३-४. सहाचे दोन्ही व्हॉल्व्ह डुलत असताना (एक मिटतोय, दुसरा उघडतोय) एकचे लावा, एकचे डुलताना सहाचे, तसंच बाकीच्या जोड्यांचं. ६बीटीला इनलेट ०.२५ आणि एक्झॉस्ट ०.५१ मिमी. दुसऱ्या इंजिनाला हे आकडे लावू नका. आवाज कमी यावा म्हणून एक्झॉस्टचा टॅपेट टाइट केला तर तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि महिन्याभरात जळतो.

थर्मोस्टॅट काढून टाकायची सवय सोडा. बायपास असलेल्या इंजिनात थर्मोस्टॅट नसेल तर बरंच पाणी रेडिएटरला न जाताच फिरत राहतं आणि चढावर गाडी उलट जास्त तापते. पातेल्यात पाणी तापवून, थर्मामीटर लावून तो कधी उघडतो ते बघा. अनेकांवर ८२ अंश कोरलेलं असतं. बोअरचं जड पाणी भरू नका, त्याचा थर सीटच्या मागेच साचतो. कूलंट आणि शुद्ध पाणी अर्धं-अर्धं.

पहिल्यांदा चालू करताना स्टॉप ओढून क्रँक फिरवा, रॉकरवर ऑइल येईपर्यंत. मग वीस मिनिटं मध्यम आरपीएमवर चालवा, रेडिएटरची टोपी उघडी ठेवून हवा निघू द्या. जुन्या पद्धतीचं फायबर गॅस्केट असेल आणि मॅन्युअल सांगत असेल तर पूर्ण थंड झाल्यावर एकेक बोल्ट त्याच क्रमाने पुन्हा टॉर्कला घ्या. अंशांत आवळलेल्या एमएलएसला पुन्हा हात लावायचा नाही. ५०० किलोमीटरनंतर थंड इंजिनावर टॅपेट परत तपासा. नव्या सीटवर व्हॉल्व्ह थोडे खाली बसतात, त्यामुळे फट कमी झालेली सापडते, विशेषतः एक्झॉस्टची. त्या दिवशी पाण्याची पातळीही बघून ठेवा.